गावातला किल्ला

सोलापूरकराला किल्ल्याची वाट विचारली, तर तो ‘पार्कापाशी’ एवढेच सांगतो आणि पाहुण्याला चादरीच्या दुकानाकडे वळवतो. मीही अनेक वर्षे तेच करीत आलो. गेल्या रविवारी मात्र पुण्याहून आलेल्या भाचीच्या हट्टापायी तिकीट काढून भुईकोटात शिरलो.

डोंगराचा आधार नसल्यामुळे या बहमनीकालीन किल्ल्याचे संरक्षण दुहेरी तटबंदीवर, खंदकावर आणि पूर्वेकडील सिद्धेश्वर तलावावर अवलंबून होते. निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात त्यासाठी वारंवार झगडे झाले आणि चांदबिबीचा अली आदिलशहाशी विवाह झाला तेव्हा हा किल्ला चक्क आंदण म्हणून विजापूरकडे गेला. (आमच्याकडे आंदणात भांड्यांवरूनसुद्धा रुसवेफुगवे होतात!) पुढे मे 1818 मध्ये इंग्रजांनी तो पेशव्यांच्या फौजेकडून जिंकून घेतला.

मला सर्वाधिक खिळवून ठेवले ते तटातील दगडांनी. साध्या घडीव चिऱ्यांच्या रांगेत अचानक एखादा नक्षीदार दगड आडवा बसवलेला दिसतो आणि तो कोणत्या तरी जुन्या मंदिराचा असल्याचे लक्षात येते. भाचीने अशाच एका दगडावरील झिजलेल्या फुलाच्या पाकळ्या बोटाने मोजल्या, तेव्हा चुन्याची भुकटी तिच्या नखात भरली. आतील बत्तीस खांबांची वास्तू आम्ही उन्हामुळे घाईने पाहिली. तलावाच्या बाजूच्या बुरुजावर मात्र, पाण्यातले सिद्धेश्वराचे मंदिर समोर ठेवून, अर्धा तास बसून राहिलो.