माहेरचं केशरी कार्ड

मी लातुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात आरोग्यमित्र आहे. रिसेप्शनच्या बाजूला महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं टेबल असतं, तिथं बसलेली बाई म्हणजे मी. पेशंटला वाटतं मी हॉस्पिटलची, हॉस्पिटलला वाटतं मी सरकारची. पगार तिसरीच कंपनी देते आणि त्याबद्दल न बोललेलं बरं.

2023 ची दिवाळी नुकतीच झाली होती. सोमवारी सकाळी चाकूर तालुक्यातून बावीस वर्षांची एक मुलगी आली. लग्नाला दीड वर्ष झालेलं. चार पावलं चालली की दम लागायचा, रात्री उशीला टेकून बसायची. लहानपणी कधीतरी ताप आला, सांधे धरले, ते दुखणं हृदयाच्या झडपेपर्यंत गेलं. गरिबांच्या घरात हा आजार अजूनही दिसतो. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडप आकसलेली आणि चुना साचलेली निघाली. फुगा घालून मोकळी करण्यातली नव्हती, बदलायलाच हवी होती. पहिल्या दिवसाच्या औषधांनी छातीतलं पाणी उतरलं आणि ती जेवायला लागली.

ऑपरेशन योजनेत बसतं. अडलं ते नावावर.

सासरच्या रेशनकार्डावर सहा नावं होती, हिचं नव्हतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "चढवू की. आधी एखादं लेकरू होऊ द्या, दोघांचं संगंच चढवू." हे मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. माझं स्वतःचं नाव सासरच्या कार्डावर चढायला चार वर्षं लागली.

आमच्या टेबलावर पेशंट आधी कागदाचा असतो, मग माणसाचा. रेशनकार्ड, आधार, बेडवरचा फोटो, हे जुळलं की एनरोल. मग मेडको, म्हणजे हॉस्पिटलचा मेडिकल को-ऑर्डिनेटर, रिपोर्ट चढवतो आणि प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीची मागणी, पाठवतो. पलीकडून डॉक्टर तपासून मंजुरी देतात, नाहीतर क्वेरी, म्हणजे शंका, टाकतात. एकोचा नुसता रिपोर्ट चालत नाही, इमेज लागते. इमेज धूसर असली की परत क्वेरी. नवीन मुलं "इमेज अटॅच्ड" लिहून तीच धूसर इमेज पुन्हा पाठवतात आणि पेशंटचा एक दिवस जातो. मी एको रूममध्ये जाऊन मशीनवरून नवीन काढून आणते. ते माझं काम नाही, पण माझ्या केसला क्वेरी क्वचितच येते.

दुपारी मुलीचे वडील आले, औशाकडून एसटीने. साठीच्या आतले, पण जिना चढून आल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. पिशवीतून केशरी कार्ड काढलं. त्यावर लेकीचं नाव होतं, कारण लग्नानंतर ते कमी करायला कुणी तहसीलला गेलंच नव्हतं. आधारवर सासरचं आडनाव, कार्डावर माहेरचं. त्याला लग्नाचा दाखला जोडता येतो. मला हायसं वाटलं. सासरे मात्र कोपऱ्यात पुटपुटले, "सून आमची आन् कार्ड त्यांचं." त्यांच्याकडे लक्ष द्यायला मला सवड नव्हती.

कार्ड काढताना वडिलांनी पिशवीतली आणखी एक फाइल टेबलावर ठेवली होती. मी ती चाळली. त्यांचीच अँजिओग्राफी, महिन्याभरापूर्वी दुसरीकडे रोख पैसे भरून केलेली. तीन नळ्या बंद, बायपासचा सल्ला. सोयाबीन विकून झालं की ते ऑपरेशनला येणार होते.

मी फाइल बाजूला सरकवली.

योजनेचं संरक्षण माणसागणिक नसतं, कार्डागणिक असतं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख. त्यातून एकाने उचललं की तेवढं बाकीच्यांचं कमी. आयुष्मान भारतच्या यादीत असते तर पाच लाख मिळाले असते, पण ती यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून केलेली आणि त्यात यांचं घर नव्हतं. लेकीच्या झडपेनंतर त्या कार्डावर काही हजारच उरणार होते. स्क्रीनवर मला ते दिसत होतं.

दुसरी वाटही होती. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते की आठवडाभर औषधांवर थांबता येईल. तेवढ्यात तहसीलच्या पुरवठा विभागात माणूस बसवून सासरच्या कार्डावर नाव चढवता आलं असतं. जिल्हा समन्वयकांना मागे लावून अशी कामं मी केलेली आहेत. मग तिचं ऑपरेशन सासरच्या दीड लाखात आणि वडिलांचा दीड लाख शाबूत. पण मेडको दोनदा येऊन गेला होता. "मॅडम, सर्जन बुधवारी येणार, बेड किती दिवस अडवायचा?" त्याला बेडचं भाडं दिसतं. योजनेच्या पॅकेजवर हॉस्पिटल खूश नसतं आणि रोखीचा पेशंट लॉबीत उभा असतो, हे मलाही कळतं.

पाचला वीस मिनिटं असताना प्री-ऑथ गेली. मग मी वडिलांना समोर बसवून शिल्लक सांगितली. प्री-ऑथ जायच्या आधी नाही, गेल्यावर.

त्यांनी खिशातून घडी केलेलं कात्रण काढलं. "ताई, पेपरात तर पाच लाख आलंय की." खरं होतं. 28 जुलै 2023 चा शासन निर्णय होता, सगळ्या कुटुंबांना पाच लाख, कार्डाचा रंग कुठलाही असो. पण निर्णय कागदावर निघाला तरी सॉफ्टवेअरमध्ये उतरला नव्हता. मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवून दीड लाखाचा आकडा दाखवला. त्यांनी कात्रणाकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, आणि कात्रण परत त्याच घडीत घातलं.

"राहू द्या. माझं नंतर बघू," म्हणाले.

बुधवारी झडप बसली. अकराव्या दिवशी डिस्चार्ज. परतीच्या भाड्याच्या रजिस्टरवर तिची सही घेतली. योजना पेशंटचं जेवण आणि परतीचं भाडं देते, वडिलांच्या एसटीचं आणि मेसचं नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक स्लाइड दाखवतात. देशातल्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा 2013-14 मध्ये 64 टक्के होता, 2021-22 मध्ये 39 वर आला. चांगलं आहे. तो खिशातला वाटा म्हणजे या माणसाच्या अँजिओग्राफीसारखेच खर्च.

माझा नवरा म्हणतो, आधी सांगितलं असतं तरी त्यांनी हेच केलं असतं. असेल. पण मग विचारायला काय हरकत होती, याचं उत्तर मला सुचत नाही. आणि सासऱ्यांचं ते पुटपुटणं, ज्याला मी मानापमान समजले, त्यातही एक सोपा रस्ता होता.

1 जुलै 2024 पासून पाच लाख सुरू झाले. त्याच आठवड्यात मी वडिलांच्या नंबरवर फोन लावला. लेकीने उचलला.

"बाबा रानात गेलेत. आता बरं वाटतंय म्हणतेत."

"तू कधी आलीस माहेरी?"

"इथंच असते आता."

नाव चढलं का, विचारलं. नाही म्हणाली. बाबांना कार्ड घेऊन पाठव, आता पाच लाख आहेत, असं दोनदा सांगितलं. बरं म्हणाली.

त्यांच्या अँजिओग्राफीची झेरॉक्स माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ते अजून आलेले नाहीत.