डेकला वाटतं, मागे सीडी चेंजर आहे

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, ऑक्टाव्हिया गेल्या वर्षी आमच्याकडे पुण्याला आली. २००५ ची डिझेल. गाडीबरोबर सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फुगलेली फाइल आली, नाट्यगीतांच्या कॅसेटचा एक डबा आला आणि अण्णांचा एक दमही आला : "आपल्या शेंद्र्याला जोडलेली गाडी आहे, जावईबापू. हिला उगाच फाडू नका." शेंद्रा म्हणजे औरंगाबादजवळची एमआयडीसी. शहराचं नाव बदललं, अण्णांच्या तोंडी अजून औरंगाबादच आहे. स्कोडाने तिथे २००१ पासून ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. पुढे २००५ मध्ये ऑक्टाव्हियाची नवी पिढी आली, पण इथे जुनी चांगली खपत होती, म्हणून नवीला लॉरा म्हणून विकलं. ही माहिती अण्णा दर दिवाळीला सांगतात.

पुणे ते संभाजीनगर हा पाच-साडेपाच तासांचा रस्ता, आणि गाडीत मूळचा कॅसेटवाला डेक. आधी मी वायरवाला कॅसेट अडॅप्टर लावून पाहिला. कॅसेटसारखा दिसतो, त्याची शेपटी फोनला लावायची. नगरपर्यंत त्याने साथ दिली. तिथून पुढे डेकने दर पाच मिनिटांनी त्याला बाहेर ढकलायला सुरुवात केली. सिगारेट लायटरमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटरही झाला. त्याचं गाणं दर गावाला वेगळ्या स्टेशनखाली बुडतं.

मग ॲक्सेसरीच्या एका दुकानात गेलो. "साहेब, अँड्रॉइड स्क्रीन टाकून देतो, दोन तासांचं काम. मागचा कपलर उडवू आणि डायरेक्ट जॉइंट मारू." कपलर उडवू, म्हणजे वायरी जिथे खटकन जोडल्या-काढल्या जातात ती मूळ खोबणी कापून टाकू, हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मी चहा अर्धा टाकून उठलो.

यात अण्णांच्या दमाचा भाग होताच, पण दुसरंही कारण होतं. बऱ्याच गाड्यांत डेकच्या मागे एक ठरावीक आयएसओ कपलर असतो : आठ पिना करंटच्या, आठ स्पीकरच्या. फोक्सवॅगनच्या घराण्यात, आणि स्कोडा त्यातलीच, त्यात दोन खोडी आहेत. एक म्हणजे कायमच्या करंटची पिन आणि चावीबरोबर चालू होणारी पिन, म्हणजे ४ आणि ७, इतरांच्या उलट असतात. हे न बघता दुसरा डेक लावला की तो गाडी बंद केल्यावर स्टेशनं विसरतो, नाहीतर रात्रभर बॅटरी पितो. दुसरी खोड जास्त महाग पडते. ३ नंबरच्या पिनवर के-लाइन असते. गॅरेजचा स्कॅनर ज्या वायरीवरून इंजिनच्या कंप्युटरशी बोलतो तीच ही. बाहेरच्या डेकमध्ये त्या जागी दुसरंच काहीतरी असलं, तर स्कॅनर मुका होतो आणि नशीब फारच वाईट असलं तर कंप्युटरवरही बेततं. एका स्क्रीनसाठी कुणी हा जुगार खेळावा?

म्हणून मी एकच अट घातली : गाडीची एकही मूळ वायर कापायची नाही. जे लावीन ते कपलरने लागलं पाहिजे आणि उद्या काढलं तर मागे खूण राहता कामा नये.

वाट डेकनेच दाखवली. करंट आणि स्पीकरच्या दोन कपलरांच्या वर एक छोटा, तीन तुकड्यांचा कपलर असतो. त्यातला निळा तुकडा सीडी चेंजरसाठी, म्हणजे अनेक सीड्या पोटात ठेवून आलटूनपालटून वाजवणाऱ्या वेगळ्या डबीसाठी. आमच्या गाडीत चेंजर कधी नव्हताच, त्यामुळे ती जागा वीस वर्षं रिकामी. पिना १३ ते २०. १३, १४ आणि १५ या डेक आणि चेंजरने एकमेकांशी बोलायच्या, १६ वर कायमचे १२ व्होल्ट, १७ वर डेक चालू असतानाचे १२ व्होल्ट, १८ आवाजाची अर्थ, म्हणजे अर्थिंगची वायर, १९ डावा आवाज, २० उजवा.

मला वाटलं, झालं काम, १८-१९-२० ला ब्लूटूथ जोडायचा. पण डेक इतका भोळा नाही. त्या आवाजाचं दार तो तेव्हाच उघडतो, जेव्हा पलीकडून चेंजर "मी आहे, सीडी १ लावली आहे, पहिलं गाणं चालू आहे" असं सतत सांगत राहतो. सेकंदाला वीसेक वेळा, आठ-आठ बाइट्सची एक ठरावीक हाक. ती थांबली की दार बंद. म्हणजे चेंजर नसला तरी चेंजरचं सोंग आणणारं कुणीतरी हवं. ते काम आर्डुइनो नॅनोवर, म्हणजे हवा तो प्रोग्रॅम भरता येणाऱ्या एका छोट्या सर्किट बोर्डावर होतं. वापरायला मोकळा असलेला कोड मिळतो, त्यात मी फक्त पिना बदलल्या.

सामान बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत मिळालं : नॅनो, ब्लूटूथचा रिसीव्हर मॉड्यूल, १२ चे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर, फ्यूज होल्डर, शील्डवाली वायर. निळा कपलर मात्र तिथे कुणाला कळेना. नाना पेठेतल्या स्पेअरवाल्याने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "हे असलं वेगळं नाही मिळत, पूर्ण लूम घ्या." शेवटी रविवारच्या जुन्या बाजारात एका मोडक्या डेकच्या शेपटीला तो लटकलेला सापडला. ऐंशी रुपये. विकणाऱ्याला त्यातला डेक खपवायचा होता आणि मला नेमकी शेपटीच हवी होती, त्यामुळे आमचा सौदा फार विचित्र झाला.

डेक काढणं सोपं होतं. कडेच्या फटींत पातळ पोलादी चाव्या घालायच्या, टक् आवाज येतो, डेक बाहेर. कपलर सुटताक्षणी मला आठवलं की करंट तुटला की या डेकला चोरीपासून बचावाचा कोड लागतो. परत लावून चालू केला तर पडद्यावर सेफ. अण्णांना फोन लावला. फोनवरच त्यांनी पत्ता सांगितला : फाइल, निळा कप्पा, विम्याच्या कागदांमागे, छोटं कार्ड. कार्ड होतं. दोनदा चुकीचा आकडा टाकला असता तर डेक तासभर गप्प बसला असता. वीस वर्षांच्या पावत्या जपणाऱ्या माणसाला मी यापुढे हसणार नाही.

आता हार्नेस, म्हणजे कपलरला जोडायची वायरींची जुडी. इथे माझे तीन रविवार गेले आणि त्यातले दोन फक्त पिना दाबण्यात. या छोट्या पिनांना दोन जोड्या पंख असतात. पुढची जोडी उघड्या तांब्याला कवटाळते, मागची वायरीच्या कातडीला. मी आधी पकडीने दाबल्या. दिसायला छान, ओढल्यावर तिसरी हातात आली. मग हुशारी केली आणि वरून डाख दिला. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गाड्यांची वायरिंग करणारे एक भाई बसतात. त्यांना अभिमानाने दाखवलं. त्यांनी वायर दोन बोटांत धरून दहा-बारा वेळा हलवली. डाख जिथे संपतो तिथेच तुटली. "डाख आत चढतो, वायर काडी होते. गाडी हलते रोज. घरातला रेडिओ आहे का हा?" मग त्यांनी आपला क्रिम्पर, म्हणजे पिना दाबायची खास पकड दिली, संध्याकाळी परत करायच्या बोलीवर. त्याने दाबलेली एकही पिन पुढे सुटली नाही.

करंटच्या वायरी अर्ध्या एमएमच्या, आवाजाच्या शील्डवाल्या, आणि शील्ड, म्हणजे वायरीभोवतीची जाळी, एकाच टोकाला जोडलेली. १६ नंबरला लागूनच एक ॲम्पियरचा फ्यूज. वरून कापडी टेप. साधी काळी चिकटपट्टी दोन उन्हाळ्यांत गुळासारखी पाघळते, हे आमच्या आधीच्या गाडीच्या डॅशबोर्डखाली हात घातलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

करंट कुठून घ्यायचा याचा हिशेब आधी केला होता. नॅनो आणि ब्लूटूथ मिळून बॅटरीतून साधारण ६० मिलिॲम्पियर खातात. १६ वर थेट जोडलं तर दिवसाला जवळपास दीड ॲम्पियर-अवर, आणि पंधरा दिवस गाडी उभी राहिली तर एकवीस-बावीस. आमची गाडी पंधरा दिवस सहज उभी राहते. म्हणून १७ ला फक्त इशाऱ्याचं काम दिलं. डेक चालू झाला की १७ वर व्होल्ट येतात, ते एका मॉसफेटचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचं, दार उघडतात आणि खरा करंट १६ वरून येतो. डेक बंद, सगळं बंद.

सगळं जोडलं. सीडीचं बटण दाबलं. डेक मख्खपणे रेडिओवरच.

तो पूर्ण रविवार मी कोडला शिव्या देण्यात घालवला. नॅनो बदलला, केबल बदलली, कोड तीनदा परत भरला. रात्री बायको म्हणाली, "त्या डबीवर काहीतरी लिहिलंय, वाचलंस का?" फोनच्या उजेडात वाचलं. कपलरच्या प्लॅस्टिकवर मुंगीच्या अक्षरांत आकडे होते आणि ते माझ्या कागदावरच्या चित्राच्या उलटे होते. चित्र डेकच्या पाठीकडून बघितल्यासारखं होतं आणि मी पिना वायरीच्या बाजूने बसवल्या होत्या. आरशातला डावा-उजवा. आवाजाच्या म्हणून बसवलेल्या पिना बोलण्याच्या जागी गेल्या होत्या. काही जळलं नाही ही कृपाच. भाईंचा क्रिम्पर तोवर परत गेला होता, पण पिना काढून दुसऱ्या भोकात सरकवता येतात, त्यामुळे निभावलं.

यावेळी बटण दाबलं आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत सीडी १, गाणं १. फोनवरून एक अभंग लावला. पखवाजाची पहिली थाप चारी स्पीकरमधून आली आणि मी पार्किंगमध्ये एकटाच ओरडलो. वॉचमन येऊन बघून गेला.

मग इंजिन चालू केलं. अभंगामागे बारीक शीळ. रेस दिली की शीळ वर चढते, सोडली की उतरते, जणू कुणी तंबोरा चुकीच्या पट्टीत लावतंय. हा रोग ब्लूटूथ लावणाऱ्या निम्म्या लोकांना भेटतो. अल्टरनेटर एसी तयार करतो, डायोड त्याची डीसी करतात, पण थोडी लहर शिल्लक राहते. एरवी तिचं काही वाटत नाही. मी मात्र करंटची अर्थ सवयीप्रमाणे डॅशबोर्डमागच्या एका बोल्टला दिली होती आणि आवाजाची अर्थ १८ नंबरवरून डेकला जात होती. ब्लूटूथच्या मॉड्यूलमध्ये दोन्ही एकच. म्हणजे अर्थला दोन रस्ते मिळाले, दोन्ही टोकांत काही मिलिव्होल्टचा फरक, आणि तो फरक डेकला गाणं वाटतो.

यावर बाजारात छोटे ट्रान्सफॉर्मर असलेली एक डबी मिळते, आवाजाच्या वायरीत घालायची. घातली. शीळ गेली आणि तिच्याबरोबर खर्जाचा घुमारा पण गेला. पखवाज पत्र्यावर वाजवल्यासारखा. स्वस्तातल्या डबीतल्या चिमुकल्या गाभ्यांना खर्ज पेलत नाही. शीळ परवडली, असं क्षणभर वाटून गेलं.

खरा इलाज करंटच्या बाजूने निघाला. ५ व्होल्ट घेऊन ५ व्होल्टच देणारा एक छोटा आयसोलेटेड कन्व्हर्टर मिळतो, एक वॉटचा, करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. ५ चे ५ करण्यात काय हशील, असं दुकानदारही म्हणाला. हशील हे की आत आणि बाहेर यांच्यात तांब्याचा धागा नाही, मधे फक्त चुंबकाचा झोका. ब्लूटूथच्या मॉड्यूलला करंट या कन्व्हर्टरमधून दिला आणि त्याची अर्थ फक्त १८ ला जोडली. बोल्टाशी संबंध तोडला. नॅनो राहिला जुन्याच अर्थवर, कारण त्याचा आवाजाशी काही संबंध नाही. इंजिन चालू, हेडलाइट चालू, पंखा चारवर, रेस दिली. नुसता पखवाज. मॉड्यूलची मधूनमधून येणारी टिकटिकही त्यात गेली, तिच्याकडे तोवर माझं लक्षच नव्हतं.

खर्च सगळा मिळून सतराशेच्या आसपास, वाया गेलेली डबी आणि पिना धरून. फोनवर बोलता येत नाही, माइक लावलेला नाही आणि लावणारही नाही.

दिवाळीला संभाजीनगरला गेलो. अण्णा शेजारी बसले. त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं, मग डॅशबोर्डखाली वाकून, मग ग्लोव्ह बॉक्स उघडून पाहिला. "सीडी कुठे घातलीस?" मी सगळं सांगितलं, चेंजरचं सोंग, ती हाक, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वायर कापलीस?" नाही म्हटलं. मग त्यांनी डेकवरचं पुढच्या गाण्याचं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं.

बटणांचा निरोप १४ नंबरवरून येतो. ती वायर मी हार्नेसमध्ये घेतली आहे, टोकाला स्लीव्ह चढवून डेकमागे गुंडाळून ठेवली आहे. तिचा कोड अजून जमलेला नाही.