कलम चार

तडजोडीची पुरसीस, म्हणजे दोन्ही बाजूंनी सही करून कोर्टात द्यायचा कागद, टाईप होऊन आली होती, डिमांड ड्राफ्ट पाकिटात होता, बोर्डावर आमचा दावा अकराव्या नंबरला होता. अशा वेळी माझ्या पक्षकाराने सहीसाठी काढलेलं पेन टोपण लावून परत खिशाला अडकवलं.

"कलम चार वाचलंत का, वकीलबाई?"

वाचलं होतं. खरं सांगायचं तर नजर फिरवली होती. मसुदा समोरच्या वकिलांचा. ‘प्रतिवादी हा थकबाकीदार असल्याचे प्रतिवादीस मान्य व कबूल आहे’ हे वाक्य अशा पुरसिशींत इतक्यांदा येतं, की डोळा त्यावर थांबतच नाही. चूक माझीच.

दावा २००३ चा. पेठेतला वाडा. (कुठली पेठ ते सांगत नाही, पुण्यात पेठ आणि भांडण एवढं सांगितलं की वाडा ओळखतात.) वर मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. खाली दोन खोल्या आणि मोरी एवढ्या जागेत माझे पक्षकार, भाऊ. भाडं महिना ६२ रुपये. एकाच जिन्याच्या वर आणि खाली राहून दोघं एकोणीस वर्षं शिवाजीनगरच्या कोर्टात भांडत होते. मालकांनी दोन कारणं लावली होती: भाडं थकवलं, आणि जागा स्वतःच्या राहण्यासाठी हवी. लघुवाद न्यायालयात मालक जिंकले, जिल्हा न्यायालयाने अपिलात प्रकरण फेरसुनावणीला परत पाठवलं, मधल्या काळात माझे सीनियर निवृत्त झाले आणि ही फाईल दोरीसकट माझ्याकडे आली. शेवटी मध्यस्थी केंद्रात तीन बैठका झाल्या आणि जमलं. भाऊंनी ३१ मार्चपर्यंत जागा सोडायची, अण्णांनी एकवीस लाख द्यायचे. निम्मे सहीच्या दिवशी, निम्मे किल्ली हातात पडल्यावर. जागा सोडण्यासाठी भाडेकरूने पैसे घेणं हा एकेकाळी गुन्हा होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने कलम ५६ मध्ये ते कायदेशीर केलं, म्हणून ड्राफ्टचा नंबर उजळ माथ्याने पुरसिशीत लिहिता येतो.

पण पैसे ठरले म्हणून हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा जागा सोडण्याचा हुकूम, होत नाही. भाडेकरूला घराबाहेर काढायची कारणं कायद्याने मोजून दिली आहेत. त्यांतलं एखादं तरी असल्याची कोर्टाची खात्री पटली नाही, तर दोघांच्या सहीने झालेला हुकूमनामाही पोकळ ठरतो. जुन्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टखालच्या नगीनदास रामदास विरुद्ध दलपतराम या निकालापासून हे आम्हा वकिलांना पाठ आहे. म्हणून पुरसिशीत कारणाची कबुली घालतात, आणि सगळ्यांत सोपी कबुली म्हणजे थकबाकी. घर सोडणारच आहे म्हटल्यावर त्या शब्दाचं कोणाला काय वाटणार, असं आम्ही धरून चालतो.

भाऊंनी पिशवीतून प्लॅस्टिकची थैली काढली. आत दोरा बांधलेला मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा. दाव्याच्या आधी दरमहा भाडं मनीऑर्डरने पाठवलेलं, आणि दरमहा ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आलेलं. पैसे परत यायचे, कमिशन जायचं. दावा लागल्यावर मागचं सगळं व्याजासकट कोर्टात भरलं आणि पुढेही दर महिन्याला भरत राहिले. अण्णांनी त्यातला एक रुपया उचलला नाही. भाडं घेतलं की भाडेकरू मान्य केल्यासारखं होईल, अशी त्यांना धास्ती. वर्षाला चार टक्के वाढ मागता येते, तीही त्यांनी याच भीतीपोटी मागितली नाही.

"एकवीस लाख नकोत मला," भाऊ म्हणाले. "पण थकबाकीदार म्हणून मी सही करणार नाही. नातू उद्या वाचेल."

नातू कशाला जिल्हा न्यायालयातली नक्कल काढून वाचेल, असं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं.

समोरचे वकील भले माणूस. म्हणाले, थकबाकी काढू, गरज घालू. मला काही ते सोपं वाटेना. कारण फाईलमध्ये निशाणी ४७ होती, भाऊंची उलटतपासणी. त्यात त्यांनी शपथेवर सांगितलं होतं, ‘वादीस जागेची गरज आहे हे म्हणणे खोटे आहे.’ एवढ्या एका वाक्यावर आम्ही इतकी वर्षं लढलो. आता गरज मान्य करायची, तर न्यायाधीश विचारणारच.

मी भाऊंना ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहा. गरज आहे म्हणून लिहा."

कलम चार पेनने खोडलं, वर नवीन वाक्य लिहिलं, खाडाखोडीशेजारी दोघांच्या आणि दोन्ही वकिलांच्या छोट्या सह्या घेतल्या. तेवढ्यात पुकारा झालाच.

न्यायाधीश बाई वयाने लहान. दावा दाखल झाला तेव्हा शाळेत असाव्यात. नेहमीचे प्रश्न झाले. मजकूर वाचून पाहिला का, कोणाचा दबाव आहे का, यावर अपील नाही हे वकिलांनी सांगितलं का. मग त्यांनी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मागची पानं चाळून निशाणी ४७ वर आल्या. माझ्या पोटात गोळा आला.

"काका, तुम्ही इथे गरज खोटी म्हणालात. आज खरी म्हणता?"

"तेव्हा खोटीच होती, मॅडम," भाऊ म्हणाले. मी डोळे मिटले. "पण जूनमध्ये अण्णांना दवाखान्यात न्यायचं होतं. वाड्याचा जिना असा, दोन माणसं शेजारी मावत नाहीत. खुर्चीत बसवून उतरवलं. वरून त्यांचा मुलगा, खालून मी. खुर्चीचे पुढचे पाय माझ्या हातात होते. त्यानंतर ते दोनदाच खाली आलेत, आजची धरून. त्यांना तळमजला पाहिजे. हे मी बघितलंय."

अण्णा वॉकरला धरून उभे होते. त्याच वेळी ते कानातलं यंत्र काढून पुसत होते, त्यामुळे यातलं त्यांना किती ऐकू गेलं मला कळलं नाही. न्यायाधीशांनी स्टेनोला सांगायला सुरुवात केली. दाव्यात पहिल्यापासून ‘स्वतःच्या राहण्यासाठी’ असंच लिहिलेलं असल्यामुळे अडायचं काही कारण नव्हतं. तडजोड नोंदवली, त्याप्रमाणे हुकूमनामा. चार मिनिटं लागली असतील.

बाहेर आल्यावर मला वाटलं, संपलं. भाऊ अण्णांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"कोर्टातले पैसे तुम्हाला मिळतील. पावती?"

सप्टेंबर २००३ ते ऑगस्ट २०२२, २२८ महिने. १४,१३६ रुपये. पुरसिशीत पावतीचं कलम नव्हतं, द्यायला अण्णा बांधील नव्हते. अण्णा म्हणाले, "लिहून आणा, सही करतो." झाडाखालच्या टायपिस्टकडे पावती टाईप केली. पाच हजारांच्या वरची, म्हणजे रेव्हेन्यू स्टॅम्प हवा. पोस्टाच्या खिडकीची वेळ टळलेली. माझ्या कारकुनाच्या पाकिटात एक घडी पडलेला निघाला, तो थुंकी लावून चिकटवला.

अण्णा सही करायला वाकले, तर भाऊंनी कागदावर हात ठेवला. "थांबा. सप्टेंबरचं भरायचं राहिलंय." आणि खिशातून पन्नासची एक नोट, दहाची एक आणि दोन रुपयांचं नाणं काढून अण्णांच्या तळहातावर ठेवलं.

अण्णांनी मोजून घेतलं.

पावतीवर आता २२९ महिने आणि १४,१९८ रुपये हवे होते. पण खाडाखोड केलेली पावती भाऊंना नको. स्टॅम्प हलक्या हाताने सोडवून नव्या पानावर लावला, टायपिस्टने सगळं पुन्हा टाईप केलं, आणि त्या दुसऱ्या पानाचे वीस रुपये कोणी द्यायचे यावरून दोघे परत अडून बसले. एकाचं म्हणणं चूक तुमची, दुसऱ्याचं म्हणणं पावती तुम्हाला हवी होती.

मी दिले.