दुर्बिणीत आरसा बसवून पाहिला तो दिवस

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी दुकानाचं शटर वर केलं न केलं तोच ताडोबाच्या जंगलाजवळच्या मोहर्लीकडचे एक गाईडदादा पोरीला घेऊन हजर, हातात ८×४२ ची (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) दुर्बीण, आदल्या दिवशी जिप्सीतून पडलेली. रात्री त्यांना पाणवठ्यावर मचाणावर बसायचं होतं. उघडून बघतो तर उजव्या नळीतल्या एका प्रिझमचे तीन तुकडे, आता तसलं प्रिझम भद्रावतीत कुठं मिळणार, नागपूरहून मागवायचं म्हणजे दोन दिवस गेले.

"मंग आरसाच बसवून द्या ना जी, प्रिझम बी तं उजेडच वळवते," दादा म्हणाले.

प्रश्न बरोबरच होता. १८५४ मध्ये पोरो नावाच्या इटालियन माणसाने या प्रिझमच्या जोडीचं पेटंट घेतलं, त्यात एकेका प्रिझममध्ये प्रकाश दोनदा वळतो, म्हणजे काटकोनात दोन आरसे लावले की काम व्हायला पाहिजे. मी लागलो कामाला.

आधी साधा आरसा कापून लावला. बाहेर विजेच्या तारेवर कोतवाल पक्षी बसला होता, त्याच्या शेपटीला अजून एक फिकट शेपटी दिसायला लागली, कारण साध्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो आणि पुढची काच पण थोडं परावर्तन करतेच. मग जुन्या झेरॉक्स मशीनमधली आरशाची पट्टी काढली, तिचा मुलामा वरच्या बाजूला असतो. दोन शेपट्यांची एक झाली पण फोकस येईना, डायॉप्टर, म्हणजे एका डोळ्याचा फोकस जुळवायची कडी, शेवटपर्यंत फिरवला तरी नाही. काच गेली की प्रतिमा आधीच पडते, शेवटी आरशांची जोडी पुढे सरकवून वाट कमी केली तेव्हा कुठं जमलं.

पण उजव्या बाजूचं चित्र मंद. अॅल्युमिनियमचा मुलामा दर वेळी दहावा हिस्सा प्रकाश खातो, दोन्ही प्रिझमच्या जागी मिळून चार आरसे लावले तर तिसरा हिस्सा गेला. प्रिझममध्ये काचेच्या आतून प्रकाश ४२ अंशांपेक्षा तिरपा आदळला की तो पूर्णच्या पूर्ण परत फिरतो. चांदण्यात बघायचं तर हाच फरक जाणवतो!

तरी अराल्डाइट वाळू दिलं, दुर्बीण डिक्कीत टाकून गाडीवर एक चक्कर मारून आलो, आठ-दहा स्पीडब्रेकर असतील. परत आल्यावर कोतवाल डाव्या डोळ्यात तारेवर आणि उजव्या डोळ्यात तारेच्या खाली. आरसा केसभर कलला की किरण दुप्पट कलतो. प्रिझमच्या दोन्ही बाजू एकाच काचेत घडवलेल्या, तिथं काटकोन हलायचा प्रश्नच नाही.

पोरगी दहावीला गेलेली, ती म्हणे, "काका, न्यूटनने १६६८ मध्ये लेन्सऐवजी आरसाच लावला होता ना, आपण पण पुढची लेन्सच काढली तर?"

मी शोकेसमधल्या चांगल्या दुर्बिणीच्या पुढच्या काचांवर मधोमध १४ मिलिमीटरचा काळा कागद गोल कापून चिकटवला, न्यूटनच्या दुर्बिणीत छोटा आरसा तसाच मध्ये येतो, आणि तिला उन्हातला रस्ता बघायला लावला. आठपट मोठं दिसतं तिथं त्या कागदाची सावली डोळ्याशी पावणेदोन मिलिमीटरची होते, आणि मे महिन्याच्या उन्हात डोळ्याची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटर उरते. "मधातच काळं काळं फिरते जी," ती म्हणाली. चंद्र-ताऱ्यांसाठी स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीला आरसाच छान, रंगांची किनार येत नाही, पण गळ्यात अडकवून दिवसभर जिप्सीत फिरायची असेल तर नको.

चार वाजता कागद काढून तीच शोकेसमधली दुर्बीण दादांना रात्रीपुरती दिली.

सकाळी आठला परत आले, डोळे तांबारलेले. अडीच वाजता अस्वल पाण्यावर आलं म्हणे, पाठीवर दोन पिल्लं. पोरगी झेरॉक्सच्या आरशाची उरलेली पट्टी मागून घेऊन गेली, तिला पेरिस्कोप करायचाय.