ईईसीपी: दाब किती यापेक्षा दाब कधी

"ऑपरेशनशिवाय बायपास", "ब्लॉकेज विरघळवा" अशा पाट्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. आत जे यंत्र असतं ते बहुतेक वेळा ईईसीपी (एन्हान्स्ड एक्स्टर्नल काउंटरपल्सेशन), म्हणजे पायांना पट्ट्या बांधून बाहेरून दाब देणारं यंत्र. यंत्र खोटं नाही, पाटी खोटी आहे. धमनीत साचलेला थर ते काढत नाही, विरघळवतही नाही.

शरीराच्या बाकीच्या स्नायूंना रक्त हृदय आकुंचन पावताना मिळतं. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीला मात्र ते मुख्यतः हृदय सैलावतं तेव्हा मिळतं, कारण आकुंचनाच्या वेळी तिच्याच रक्तवाहिन्या दाबलेल्या असतात. ईईसीपी नेमका हा सैलावण्याचा क्षण पकडतं. पोटऱ्या, मांड्यांचा खालचा भाग आणि मांड्यांचा वरचा भाग ते नितंब, असे हवेने फुगणाऱ्या पट्ट्यांचे तीन संच बांधतात. ईसीजीवरून ठोका ओळखून पट्ट्या खालून वर, साधारण ५० मिलिसेकंदांच्या अंतराने फुगतात आणि पायांतलं रक्त महाधमनीकडे उलट ढकलतात. पुढचं आकुंचन सुरू होण्याआधी तिन्ही एकदम सुटतात, त्यामुळे हृदयाला रक्त बाहेर फेकायला कमी जोर लागतो. नाडी ७० धरली तर तासाभरात ४,२०० वेळा हे होतं.

दाब पाऱ्याच्या २६० ते ३०० मिमीपर्यंत नेतात. पण खरी मेख वेळेत आहे. पट्ट्या लवकर फुगल्या तर महाधमनीची झडप पूर्ण बंद व्हायच्या आत उलटा लोंढा येतो. उशिरा सुटल्या तर हृदय बंद दारावर धडका मारत राहतं. म्हणून बोटाला सेन्सर लावून पडद्यावर लहर बघायची. तिच्यात दोन उंचवटे दिसतात: पहिला हृदयाचा, दुसरा पट्ट्यांचा. दुसरा पहिल्याइतका किंवा त्याहून उंच झाला तर काम जमलं. वयस्क, कडक धमन्यांच्या रुग्णात तो तेवढा चढत नाही, तेव्हा नुसता दाब वाढवून उपयोग नसतो. आधी पट्ट्या तपासा. ढिल्या पट्टीत हवा भरत राहते, दाब पायापर्यंत पोचतच नाही.

नेहमीचा कोर्स ३५ तासांचा: रोज एक तास, आठवड्यातून ५ दिवस, ७ आठवडे. यंत्रावर झोपण्याआधी लघवी करून यायचं, नाहीतर अर्ध्यात उठावं लागतं. पायांतलं रक्त वर आलं की मूत्रपिंडंही जोरात काम करतात. पोटभर जेवून येऊ नये. आत घट्ट, शिवण न टोचणारी तुमान हवी. एका सुरकुतीवर हजारो धक्के बसले की फोड येतो, आणि मधुमेहात पाय बधिर असेल तर तो रुग्णाला कळतही नाही. पट्ट्या काढल्यावर पाय डोळ्यांनी बघायचे. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

महाधमनीची झडप बऱ्यापैकी गळत असेल, महाधमनी फुगलेली असेल, पायाच्या शिरेत गुठळी असेल, पायाच्या धमन्याच खूप बंद असतील, बीपी १८०/११०च्या वर असेल, ठोके फारच अनियमित असतील किंवा गर्भारपण असेल तर हा उपचार नको. म्हणजेच इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि गरजेप्रमाणे पायांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) न बघता पट्ट्या बांधणारं केंद्र सोडून द्यावं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) आधी बघावा. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांत वर ढकललेलं रक्त फुफ्फुसात साचू शकतं, म्हणून ऑक्सिजन आणि रोजचं वजन बघायचं. धाप वाढली की यंत्र थांबवायचं.

पुरावा आहे, पण मर्यादित. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मस्ट-ईईसीपी चाचणीत १३९ रुग्ण होते. निम्म्यांना पूर्ण दाब, बाकीच्यांना नावापुरता ७५ मिमी. खऱ्या उपचाराच्या गटात व्यायाम करताना ईसीजीत बदल दिसायला जास्त वेळ लागला, छातीत दुखण्याचे झटकेही कमी झाले. व्यायामाचा एकूण वेळ मात्र दोन्ही गटांत वाढला, लक्षणीय फरक उरला नाही. अमेरिकेच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांनीही त्याला "विचार करता येईल" एवढीच जागा दिली. औषधं पुरी घेऊनही दुखणं थांबत नाही आणि स्टेंट किंवा बायपास शक्य नाही, अशांसाठी तो उपाय आहे. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असताना शस्त्रक्रियेऐवजी हा पर्याय सुचवला गेला, तर दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला अँजिओग्राफीची सीडी दाखवा. आणि बसल्याजागी, घामासह छाती आवळली तर ईईसीपीची वेळ घ्यायची नसते. १०८ लावायचा असतो.