फिरायची नोकरी का सोडली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘टूर कंपनीतली नोकरी सोडलीस? किती फिरायला मिळालं असतं!’ ओळखीतले जवळपास सगळेच हे म्हणतात. एक तर ऑपरेशन्समधला माणूस फिरत नाही, खुर्चीत बसून दुसऱ्यांना फिरवतो. मध्यरात्रीचे फोन, हुकलेली कनेक्शन्स, प्रवाशांचा संताप हे या धंद्यात असायचंच. त्याचा मला कंटाळा नव्हता. वैताग आला तो साहेबांच्या तोंडी आदेशांचा.

बुकिंग केलं की पीएनआर तयार होतो, पण तिकीट तेव्हाच निघतं असं नाही. एअरलाइन मुदत देते. तोवर तिकीट काढलं नाही तर सीट आपोआप सुटतात. तोपर्यंत स्वस्त बुकिंग क्लास, म्हणजे कमी भाड्याच्या ठरावीक जागांचा गट, संपला असेल, तर त्याच विमानाला जास्त भाडं मोजावं लागतं. साहेबांना हे ठाऊक नव्हतं थोडंच! तरी मुदत संपत आली की टेबलापाशी येऊन म्हणायचे, ‘आत्ताच काढू नकोस. पार्टीचे पैसे येऊ देत. रद्द कर आणि तेच पुन्हा धर.’

मुदत वाढवून घ्यायची ही जुनी युक्ती. एअरलाइन्स तिला चर्निंग म्हणतात, आणि त्यांच्या सिस्टिममध्ये ते दिसतं. मग एजन्सीच्या नावावर एडीएम येतो, म्हणजे दंडाच्या वसुलीचा डेबिट मेमो. तो लगेच येत नाही, कधीकधी काही महिने जातात. तोवर ती सहल होऊन गेलेली असते, टेबलापाशी कोण काय बोललं होतं ते कुणालाच आठवत नाही, आणि कागदावर उरतं ते फक्त बुकिंग करणाऱ्याचं लॉगिन. वसुली त्याच्या पगारातून. ‘सर, एक मेल टाकता का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘एवढ्याशासाठी मेल कशाला? माझ्यावर विश्वास नाही?’

व्हिसाचंही तेच. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या किमान 15 दिवस आधी द्यायचा असतो, निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात आणि मुदत 45 दिवसांपर्यंत लांबू शकते. आमच्याकडे निघायला जेमतेम तीन आठवडे असलेल्या ग्रुपच्या जागा सर्रास विकल्या जायच्या. सेल्सचा इन्सेंटिव्ह जागा विकली की जमा. व्हिसा वेळेत आला नाही की पाठपुरावा कमी पडला, तोही आमचाच. (सेल्सच्या पोरांवर माझा राग नाही. त्यांना टार्गेट कुणी दिलं होतं, तेही मला माहीत आहे.)

शेवटच्या पगारातूनही एक एडीएम कापला गेला. कुणाच्या सांगण्यावरून ते बुकिंग धरून ठेवलं होतं, असं मी एचआरला लेखी विचारलं. त्यांनी साहेबांना विचारलं, तेही फोनवर.

पुढच्या कंपनीत मुलाखतीला गेले तेव्हा पगाराच्या आधी विचारलं, ‘एडीएम कोण भरतं?’ समोरच्या बाईंनी छापील नियम काढून पुढ्यात ठेवला: वरिष्ठाची लेखी मंजुरी असेल तर कंपनी. मी तिथेच रुजू झाले.