शिंगांचा रंग

जीपचा डावा मडगार्ड पॉलिश पेपरने घासायला घेतला आणि पाचव्या मिनिटाला हात थांबला. वरचा पांढरा निघाला, खाली पोपटी लागला. आणखी घासलं तर पोपटीखाली राखाडी, राखाडीखाली विटकरी रेड ऑक्साइड आणि मग पत्रा. तळहाताएवढ्या जागेत एकाभोवती एक अशी कडी उमटली. राखाडी सरकारी होता. पांढरा मामेभावाने स्वतःच्या लग्नाच्या वर्षी स्प्रेने मारून घेतलेला. पोपटी मात्र मामाचा.

आमच्याकडे, कराड-पाटणच्या पट्ट्यात, बैलांचा सण म्हणजे बेंदूर. एका वर्षी बेंदराला शिंगं रंगवायला म्हणून मामाने ऑइलपेंटचा डबा आणला, तो चार लिटरचा. बैल दोन, शिंगं चार. त्यांना रंग लागून लागून लागणार किती? उरलेल्यातून गोठ्याचं दार झालं, पाण्याचं पिंप झालं, तरी डबा अर्धा. मग मामाची नजर अंगणातल्या जीपकडे गेली. चार इंची ब्रशने त्याने ती एका दुपारात रंगवून काढली, चाकांच्या रिमांसकट. त्या बेंदराला आमच्या दारात दोन बैल आणि एक जीप एकाच रंगात उभे होते, आणि मामीने तिघांनाही ओवाळलं. पुरणपोळी फक्त बैलांना मिळाली.

जीप १९६८ची. कागदावर सीजे-थ्री-बी, बाजारात 'हाय बॉनेट'. ते बॉनेट उंच का, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. जीप मूळ बनवणाऱ्या अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या आधीच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असत. त्यानंतरच्या हरिकेन इंजिनात एक्झॉस्टचे, म्हणजे धूर बाहेर सोडणारे, तिथेच राहिले, पण इनटेकचे, म्हणजे हवा आत घेणारे, वर हेडमध्ये गेले. सीसी तेवढेच, २,१९९. इंजिन मात्र डोक्याने उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा १९५३ मध्ये विलीजने बॉनेटच वर उचललं. लो बॉनेटचे भक्त या रूपाला नाकं मुरडतात. मुरडोत. महिंद्राने १९४९ मध्ये माझगावला विलीजच्या जीपा जुळवायला सुरुवात केली आणि पुढे हे उंच बॉनेट इतकी वर्षं बनवलं, की जीप म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाला हेच कपाळ आठवतं.

मामाने ती १९७९ मध्ये एका खात्याच्या लिलावात उचलली. स्टेअरिंग डावीकडे. आता डाव्या स्टेअरिंगची गाडी घेऊन कुंभार्ली घाट चढायचा, म्हणजे पुढच्या ट्रकला ओलांडताना चालवणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. दिसतं ते उजव्या सीटवरच्या माणसाला. ती सीट मामीची. चिपळूणला तिचं माहेर, त्यामुळे घाट नेहमीचाच. ट्रकच्या मागे जीप आली की मामी पदर खोचून उजवीकडे झुकायची आणि आज्ञा द्यायची, "येऊ द्या", नाहीतर "थांबा". मामा ट्रकच्या फाळक्यावर नजर ठेवून ती आज्ञा निमूट पाळायचा. संसारात इतर कुठे त्याने ती पाळल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

मामा गेल्यावर जीप गोठ्यात उभी राहिली, चौदा वर्षं. कोंबड्यांनी मागच्या बाकाखाली अंडी घातली, उंदरांनी वायरिंग खाल्लं. शेवटी मी ती टेम्पोवर घालून कराडला घरी आणली, अंगणात पत्र्याची शेड मारली आणि चारही बाजूंनी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चढवली. वर्षभराचं काम, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्याला आता तीन वर्षं झाली.

गंजलेल्या गाडीत पहिले सहा महिने काही जोडायचं नसतं, फक्त सोडवायचं असतं. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलचा एक बोल्ट तीन दिवस हलला नाही. रोज रात्री डिझेल सोडायचं, सकाळी पाना लावायचा, पान्याला पाइप घालून लोंबकळायचं. चौथ्या दिवशी मिस्त्रींनी गॅस लावून तो लालभडक केला आणि घणाचा एकच घाव असा घातला, की बोल्ट सुटून जाईच्या वेलात जाऊन पडला. थंड झाल्यावर हातात घेतला, तर दोन्ही टोकांना मूळ जाडी आणि मधोमध झिजून कंबर पडलेली. बाजारात नवा चाळीस रुपयांना मिळतो. जुना मी खिडकीत ठेवलाय. घरात कुणी विचारलं तर 'लागेल' म्हणतो.

ही झाली डागडुजी. सुधारणा ही वेगळी चीज आहे. ती एकटी येत नाही, वऱ्हाड घेऊन येते. मी ठरवलं होतं की बाकी काही नको, ब्रेक तेवढे चांगले हवेत. या जीपला चारही चाकांना नऊ इंची ड्रम, आणि चौघांना मिळून एकच लाइन. एका ठिकाणी नळी फुटली की पेडल फळीला टेकतं आणि चारही चाकं मोकळी. मामाचा भरवसा गिअरवर होता. ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. माझी तेवढी छाती नाही. म्हणून पुढे डिस्क, आणि पुढच्या-मागच्या चाकांना वेगळी लाइन देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर. पण ड्रम स्वतःच्या फिरण्याने शू आत ओढून घेतो, म्हणजे गाडीच आपल्याला थोडी मदत करते. डिस्कला तशी सवय नाही, सगळा जोर पायाचा. म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर. बूस्टर चालतो व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्यावर. पेट्रोल इंजिनात तो आयता मिळतो, कारण थ्रॉटल हवेची वाट अडवतो. आणि आमच्या जीपमध्ये १९८८ सालापासून मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन. पेट्रोल परवडेना म्हणून मामाने बसवलेलं, लेथवाल्याकडून अॅडॉप्टर प्लेट कातून घेऊन. मिस्त्री म्हणाले, "साहेब, डिझेल काय श्वास अडवत नाही. ओढ येणार कुठनं?" म्हणून मग मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर. त्याला नवा ब्रॅकेट. ब्रॅकेटला नवा बेल्ट. ब्रेकच्या पेडलपासून निघालो होतो, फॅनच्या पुलीपाशी पोचलो.

आणि एवढं झाल्यावर बूस्टर ठेवायचा कुठे? डाव्या बाजूला स्टेअरिंगचा दांडा, क्लचचा लिंकेज, सगळी दाटी. मिस्त्रींनी बिडी विझवली आणि सगळ्यात सोपा उपाय सांगितला, "स्टेअरिंग उजवीकडं घेऊन टाकू. जागाच जागा. चालवायलाबी बरं." त्यांचं बरोबर होतं. मी नाही म्हटलं. का, ते मला त्यांना सांगता येईना. त्यांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच जमिनीवर आडवे होऊन बूस्टर पायाच्या फळीखाली, चासीला टांगून दाखवला.

याच सुमारास एका हितचिंतकाने व्हिंटेज नोंदणीचं पिल्लू सोडलं. २०२१ मध्ये केंद्राने नियम केलेत. पन्नास वर्षांवरची, खासगी वापराची गाडी. 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. दोन रात्री मी त्या प्लेटची स्वप्नं पाहिली. मग अटी वाचल्या. गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. शिवाय रोज रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, बस्स. म्हणजे मला मॅटाडोरचं इंजिन काढून कुठूनतरी हरिकेन शोधायला हवं होतं. ते दिल्लीच्या मायापुरीत किंवा कुर्ल्याच्या भंगारात अजूनही सापडू शकतं, पैसे मोजले तर. पण मूळ रूप म्हणजे १९६८चं. कारखान्यातून निघालेली ती राखाडी, पेट्रोल जीप मी कधी पाहिलेलीच नाही. ती कुणा साहेबाची होती. मी पाहिलेली जीप अकरा वर्षांनी जुनी होऊन दारात आली, धुराची झाली, शिंगांच्या रंगाची झाली. मागे न्यायचीच, तर मला ती १९८८पर्यंत न्यायची होती. त्या सालाची नंबरप्लेट कुठलंच खातं देत नाही.

रंगाच्या दुकानात मी पत्र्याचा तुकडा घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोराने तो कॉम्प्युटरला दाखवला, चार आकडी कोड काढला आणि विचारलं, "काका, पोपटी? जीपला? मॅट मिलिटरी ग्रीन देऊ का, सगळे तोच मारतात." मी पोपटीच घेतला. स्प्रेने मात्र मारला. ब्रशचे फराटे जमवायला मामाचाच हात लागतो.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा पाटणपर्यंत नेली. मामी आता ऐंशीच्या पुढे. पायरीला स्टूल लावून तिला वर चढवलं. ती काही बोलली नाही. नव्या सीटच्या रेक्झिनवर हात फिरवला, पुढची काच हलवून पाहिली, जमिनीतून वर आलेले तिन्ही दांडे मोजले. मी तिला डिस्क ब्रेकचं सांगायला लागलो. तिचं लक्ष नव्हतं.

गावाबाहेर निघालो तर पुढे उसाची गाडी, तीसच्या चालीने. मी मागे दबून राहिलो, गिअर खाली घेतला. उजवीकडे हालचाल जाणवली. मामीने पदर खोचला होता. एका हाताने काचेची चौकट धरून ती बाहेर झुकली, आणि सतरा वर्षं जणू मधे पडलीच नव्हती अशा आवाजात म्हणाली,

"थांबा. पुढनं डबल ट्रॉली येतीया."

मला ती कधीच अहोजाहो करत नाही.